बासष्ट किलोंची सरळ रेषा

माझी गाडी डावीकडे जाते, हे सर्वात आधी ओळखलं ते भुकूमच्या आमच्या सोसायटीच्या दूधवाल्याने. तो रस्त्याच्या कडेला मोटरसायकल लावून कॅन बांधत होता, मी समोरून येत होतो आणि माझी गाडी मी न सांगता त्याच्याकडे वळली. मी हसून हात केला. ओळखीच्या माणसाला नमस्कार करायला मुद्दाम जवळ आलो, असं दिसावं हा हेतू. तो मात्र कॅन सोडून गटारापलीकडे गेला आणि तिथून म्हणाला, "साहेब, गाडी ओढतीय की डावीकडं." मी त्याला सांगितलं की स्पोर्ट्‌स कारचं स्टीअरिंग हलकं असतं, त्याची सवय व्हावी लागते. सवय कोणाला व्हावी लागते हे मी मोघम ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने मोटरसायकल आमच्या गेटच्या आत लावायला सुरुवात केली.

गाडीबद्दल दोन शब्द सांगतो. लाल आहे, दोन दारांची आहे, आत दोनच माणसं बसतात आणि ती मी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी जुनी विकत घेतली. का घेतली हे कृपा करून विचारू नका. सुलक्षणाने विचारलं होतं. सुलक्षणा म्हणजे माझी पत्नी, भूगावच्या शाळेत गणित शिकवते आणि ‘का’ या प्रश्नाला ‘असंच’ हे उत्तर लिहिलं तर शून्य गुण देते.

तरीही ती गाडीत बसायला तयार होती, हे मला नमूद केलं पाहिजे. पण बसायच्या आधीच मला दुर्बुद्धी सुचली. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात निषाद नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा आहे. त्याने पार्किंगमध्ये माझ्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि खेदाने मान हलवली. म्हणाला, सर, गाडी झकास आहे, पण उंच वाटते, खाली बसवून घ्या. माझ्यासारख्या उदगीरच्या माणसाला आपली वस्तू कोणी उंच म्हटली तर आनंद व्हायला हवा. पण पुण्याच्या पाण्यात काही तरी असावं. पुढच्याच शनिवारी मी पिरंगुटला स्वानंदच्या गॅरेजात उभा होतो आणि स्वानंद जुन्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घालत होता. गाडी दोन इंच खाली आली. दिसायला, खोटं कशाला सांगू, अशी दिसत होती की मी घरी जायच्या आधी तिच्याभोवती स्वतः दोन प्रदक्षिणा घातल्या.

गाडी खाली बसली की चाकं वरच्या बाजूने आत झुकतात आणि खाली बाहेर फाकतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. थोडक्यात गाडी फेंगडी होते. फेंगडी गाडी स्वतःच्या मताने चालते आणि माझ्या गाडीचं मत डावीकडचं पडलं.

सोमवारी सुलक्षणा पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसली. बसली म्हणजे आधी दाराला धरलं, मग छताला, मग मला, आणि शेवटचे सहा इंच देवावर सोडले. तिने निळी साडी नेसली होती आणि मी आरशात दोनदा भांग पाडला होता. सोसायटीतून निघालो आणि तीनशे मीटरवर गाडी स्वतःहून रस्ता सोडून एका रोपवाटिकेत शिरली. जास्वंदीच्या सोळा पिशव्यांसमोर थांबली. नर्सरीवाल्याने विचारलं, काय दाखवू? सुलक्षणा उतरली, साडीची माती झटकली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "ज्या दिवशी ही सरळ जाईल, त्या दिवशी मी हिच्यात बसेन. तोवर बस आहे." तेवीस वर्षांच्या संसारात तिने शब्द दोनदाच फिरवला आहे आणि दोन्ही वेळा विषय पडद्यांच्या रंगाचा होता.

त्यानंतर रोज सकाळी ती बसस्टॉपवर उभी असायची आणि मी समोरून जायचो. स्टॉप डावीकडे. गाडी दर वेळी तिच्याकडे झेप घ्यायची, रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरायची, मी स्टीअरिंग खेचून पुढे जायचो आणि सुलक्षणा दुसरीकडे बघायची. लोकांना वाटे, हा गृहस्थ रोज त्या बाईंना घाबरवतो. एकदा एका कॉलेजच्या मुलाने तिला पोलिसात तक्रार करा असंही सुचवलं. हसण्यावारी नेलं मी, पण शेजारची ती रिकामी सीट मला बघवत नव्हती. दोन माणसांची गाडी घ्यायची आणि एकट्याने फिरवायची, यात काही अर्थ आहे का? त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात एकच काम उरलं. गाडी सरळ करायची आणि सुलक्षणाला तिच्यात बसवायचं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सोसायटीत एकशे बारा फ्लॅट आहेत आणि एकशे बारा मतं. कोणी म्हणालं डाव्या टायरात हवा जास्त भरा, कोणी म्हणालं उजव्यातली काढा. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी दोष गाडीचा नसून रस्त्याच्या उताराचा आहे असं सांगून सार्वजनिक बांधकाम खात्याला पत्र लिहायला घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या लीलाबाईंनी दृष्ट लागली असं निदान केलं आणि स्वतःच्या हाताने लिंबू-मिरची ओवून पुढे बांधली. गाडी इतकी खाली होती की लिंबू-मिरची रस्त्याला टेकली आणि पौड रोडला पोहोचेपर्यंत तिची चटणी झाली.

यात भर म्हणून सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक. खाली बसलेली गाडी त्यावरून जाताना पोट घासायची आणि तो आवाज सातव्या मजल्यापर्यंत जायचा. गतिरोधक दीड इंच तासून मिळावा, असा अर्ज मी दिला. अध्यक्ष निरंजन हा सज्जन गृहस्थ आहे, पण त्याला ठराव करायची आवड आहे. अर्ज तीन प्रतींत मागवला गेला. मग गतिरोधकाची उंची मोजायला तिघांची उपसमिती नेमली. उपसमितीने उंची मोजली, पण ती मूळ आराखड्यापेक्षा अर्धा इंच कमी भरली, तेव्हा गतिरोधक उंच का करू नये, अशी उपसूचना आली. मी घाईघाईने अर्ज मागे घेतला. तो मागे घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला. शेवटी ठरलं की सभासदाने स्वतःच्या जबाबदारीवर दोन लाकडी फळ्या आणाव्यात, गतिरोधकाला लावून गाडी पार करावी आणि फळ्या उचलून न्याव्यात. तेव्हापासून मी रोज सकाळी टाय लावून गेटवर फळ्या मांडतो. माझ्या हाताखाली अठरा माणसं काम करतात, हे इथे सांगून काही उपयोग नाही.

स्वानंद म्हणाला, काका, काळजी करू नका, व्हील अलाइनमेंट करून घेऊ, आपल्याकडे कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटरपर्यंत पोहोचण्याआधीच गाडीचं नाक रॅम्पला अडलं, तेव्हा माझ्याच फळ्या कामाला आल्या. चारही चाकांना यंत्रं बसवली, पडद्यावर आकडे उमटले आणि सगळे लाल. स्वानंदने खाली वाकून एकेक बोल्ट फिरवून पाहिला. मग म्हणाला, यांना फिरवायला जागाच उरली नाही, वेगळे बोल्ट मागवावे लागतील. बोल्ट नऊ दिवसांनी आले, ते दुसऱ्याच मापाचे. आणखी आठ दिवसांनी बरोबर मापाचे आले. ते बसवले, दांडे फिरवले, आणि दोन तासांनी पडद्यावर चारही आकडे हिरवे झाले. स्वानंदने रंगीत कागद छापून दिला. मी तो कागद घेऊन घरी आलो. येताना गाडी तीनदा डावीकडे गेली, पण माझ्याजवळ कागद होता.

सुलक्षणाने कागद नीट वाचला. दशांश चिन्हापुढचे दोन्ही आकडे वाचले. मग म्हणाली, "मग मी या कागदावर बसते."

हे मला लागलं. शिक्षणाने, पगाराने आणि वयाने मी जिथे पोहोचलो होतो, तिथे एखाद्या माणसाच्या हिरव्या कागदावर इतका अविश्वास दाखवू नये. रागाच्या भरात मी रविवारी एकटाच मुळशीच्या दिशेने निघालो. मोकळ्या रस्त्यावर गाडी आपोआप सुधारेल असं वाटत होतं. पौड मागे टाकलं, माले आलं, समोर कुत्रं आलं, मी स्टीअरिंगवरची पकड क्षणभर सैल केली. गाडीला तेवढंच हवं होतं. ती रस्ता उतरली, बांध ओलांडला आणि कापणी झालेल्या भाताच्या खाचरात जाऊन पुढच्या बांधावर पोट टेकून बसली. चाकं जागच्या जागी फिरू लागली.

खाचराचे मालक बांधावरच बसले होते. हैबतराव, वय सत्तरच्या पुढे, पांढरा फेटा, शर्टाच्या खिशात चष्मा आणि मोबाइल. त्यांनी गाडी आत येताना पाहिली होती, थांबताना पाहिली होती, आता मला बाहेर पडताना पाहिलं. खाली बसलेल्या गाडीतून बाहेर पडायला मला नेहमीच थोडा वेळ लागतो.

"काय सायेब," ते म्हणाले, "रस्ता आवडला न्हाई व्हय?"

ट्रॅक्टर आला, दोर बांधला, गाडी निघाली. हैबतरावांनी पैसे घेतले नाहीत. चहा पाजला, आणि चहा संपता संपता विषय काढला. त्यांची नात गौतमी हिचं पुढच्या रविवारी लग्न, पिरंगुटच्या कार्यालयात. गौतमीही हिंजवडीलाच नोकरीला होती. तिची एकच हौस होती, नवरी म्हणून कार्यालयात लाल स्पोर्ट्‌स गाडीतून उतरायचं. भाड्याने शोधली, मिळाली नाही. आणि आज देवाने गाडी थेट खाचरात पाठवली होती. हैबतरावांच्या पत्नी सगुणाबाई दारातूनच म्हणाल्या की असा योग परत येत न्हाई. ज्या माणसाच्या ट्रॅक्टरने आपली गाडी नुकतीच बांधावरून उचलली आहे, त्याला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणालो. मग प्रामाणिकपणे सांगितलं की गाडी सरळ जात नाही. कॉम्प्युटरचा कागदही दाखवला.

हैबतरावांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि विचारलं, "हे मोजलं तवा आत कोन बसलं हुतं?"

मी म्हणालो, कोणी नाही.

"मग काय मोजलं? मोकळी गाडी सरळ हाय का नाय, ते बगून करायचं काय? गाडी मानसं न्यायला हाय. मानसं बसवा आन मग मोजा."

मी तिथूनच स्वानंदला फोन केला, तर तो म्हणाला, काका, शर्यतीच्या गाड्यांना तसंच करतात. बुधवारी मी सुट्टी टाकली. कारण म्हणून ‘घरगुती’ लिहिलं.

हैबतरावांच्या अंगणात सगळी तयारी होती. शंभू नावाचा गवंडी ओळंबा आणि लाइनदोरी घेऊन आला होता. त्याचं म्हणणं, चाक काय नि भिंत काय, उभं सरळ हाय का येवढंच बघायचं. खताचा खड्डा नुकताच उपसून रिकामा झालेला होता. त्यावर माझ्या सोसायटीच्या फळ्या टाकून गाडी उभी केली आणि गॅरेजचं नाव छापलेले कपडे घातलेला स्वानंद पाने घेऊन खड्ड्यात उतरला. गाडीच्या दोन्ही अंगांना दोऱ्या ताणल्या. आता माणसं बसवायची.

ड्रायव्हर म्हणून मी होतोच. पण हैबतरावांना अंदाजपंचे काही चालत नव्हतं. भाताची पोती मोजायच्या वजनकाट्यावर मला उभं केलं. सगळ्या आळीसमोर एक्क्याऐंशी भरलो. दोघातिघांनी मान डोलावली. मग मला आत बसवलं आणि काम संपेपर्यंत उतरायचं नाही असं बजावलं. सगुणाबाईंनी खिडकीतून चहा दिला, पण अर्धाच. पुरा दिला तर वजन बिघडेल, असं त्यांचं म्हणणं.

आता प्रश्न नवरीचा. ती ऑफिसात होती, म्हणून तिच्या वजनाइतके तांदूळ डाव्या सीटवर ठेवायचे ठरले. घरात नवी इंद्रायणी आलेलीच होती. पण वजन किती? हैबतरावांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गौतमीने आधी विचारलं, कशाला हवंय? मग विचारलं, तिथे कोण कोण आहे? मग हळू आवाजात चोपन्न सांगितलं आणि फोन ठेवला. पोतं चोपन्न किलोचं भरलं, सीटवर उभं केलं, शंभूने दोरी पकडली, तेवढ्यात सगुणाबाई पुढे आल्या.

"पोरगी खोटं बोलतीया," त्या म्हणाल्या. "आन शालू? आन पाटल्या, ठुशी, कंबरपट्टा? आन सकाळधरनं धा जनी पेढं चारत्याल, त्ये कुटं जातंय? बासष्ट धरा."

बासष्ट धरले. बायकांनी एकमताने मान्यता दिली आणि आमच्या सोसायटीत इतक्या झटपट ठराव झालेला मी पाहिलेला नाही. शंभू ओळंबा सोडून सांगायचा, जरा आत, खड्ड्यातून पाना फिरायचा, शंभू म्हणायचा, थोडं भाईर. अडीच तास मी बसून होतो. शेजारी पोतं. गाडी सुरू केली की सीटबेल्टची घंटी वाजायची, म्हणून पोत्यालाही पट्टा लावला होता.

मग आम्ही दोघं, म्हणजे मी आणि पोतं, मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आलो. मी हात सोडले. गाडी सरळ गेली. पुन्हा सोडले, पुन्हा सरळ. दोन महिन्यांत पहिल्यांदा गाडी मी सांगितलेल्या दिशेला जात होती आणि मला रडू येत होतं. हैबतरावांना खात्री करायची होती, म्हणून पोत्यातून आठ किलो काढले. गाडी डावीकडे गेली. मग पोतं सत्तरचं केलं, तर गाडी चक्क उजवीकडे जाऊ लागली. ती उजवीकडे बघू शकते हेच मला नवीन होतं. हैबतरावांनी आळीला निकाल सांगितला. वजन कमी तर डावी, वजन जास्त तर उजवी, बासष्टला सरळ. तांदूळ परत बासष्ट केले आणि ‘ऐतवारपत्तूर ऱ्हाऊ द्या, शेजारी कुनी तरी लागंल तुमाला’ असं म्हणून पोतं माझ्याबरोबरच पाठवलं.

रात्री जेवताना मी सुलक्षणाला हे सगळं उत्साहाने सांगितलं. दोरी, ओळंबा, कमी तर डावी, जास्त तर उजवी. ती भात कालवत ऐकत होती. मी म्हणालो, आता बस, सरळ जाते. ती म्हणाली, "सरळ पोत्याबरोबर जाते. पोतं काढून मी बसले, तर कशी जाईल ते कुठे ठरलंय?" आणि इथे माझ्या लक्षात आलं की पुढचा प्रश्न साधा आहे, एका आकड्याचा आहे, आणि तो मी तेवीस वर्षांत कधी विचारलेला नाही. तेव्हाही विचारला नाही. कोशिंबीर वाढून घेतली.

पुढचे तीन दिवस मी पोत्याला घेऊन ऑफिसला गेलो. गेटवर नवी भानगड झाली. वॉचमनच्या म्हणण्याप्रमाणे धान्य ही वस्तू माल या सदरात येते, म्हणून आत येताना नोंद आणि बाहेर जाताना गेटपास. गेटपासवर अध्यक्षांची सही. मी सकाळी साडेसातला निरंजनच्या दारात उभा राहायचो, तो दात घासत सही करायचा, मग मी फळ्या मांडायचो. तिसऱ्या दिवशी निरंजनने विचारलं की रोज तेच पोतं बाहेर नेऊन रोज परत का आणता? मी म्हणालो, त्याला एकटं ठेवत नाही. तो तोंड धुवायला आत गेला. बसस्टॉपवरून मात्र मी आता सरळ जात होतो. शुक्रवारी सुलक्षणाने मान वळवून पाहिलं. मला वाटतं, तिने पोत्याकडे पाहिलं आणि ते तिला आवडलं नाही.

रविवार उजाडला. मी कोट घातला, गाडी पुसली, झेंडूच्या माळा बांधल्या आणि पोतं घेऊन मालेला पोहोचलो. सुलक्षणाला आमंत्रण होतं, पण ती पिरंगुटला बसने येते म्हणाली. मालेला पोतं उतरवलं आणि गौतमी बाहेर आली. जांभळा शालू, कंबरपट्टा, मुंडावळ्या, गुडघ्यापर्यंत गजरे. सगुणाबाईंनी तिच्याकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि माझ्याकडे बघून एकदाच मान हलवली. चार बायकांनी नवरीला सीटवर उतरवलं. पुढे टेम्पोत वाजंत्री आणि त्यात माझ्या फळ्या घेऊन दोन चुलतभाऊ. प्रत्येक गतिरोधक आला की वाजंत्री थांबायची, फळ्या पडायच्या, नवरी त्यावरून जायची, फळ्या उचलायच्या, वाजंत्री परत सुरू व्हायची. पौडात लोकांना वाटलं हा विधीच आहे. एका आजींनी फळ्यांना हळदकुंकू लावलं.

आणि गाडी सरळ चालली होती. माले ते पिरंगुट एकदाही डावीकडे बघितलं नाही तिने. गौतमी मध्येच म्हणाली, "काका, आजीने आकडा किती सांगितला होता?" मी म्हणालो, चोपन्न. ती खूश झाली. खरं बोलण्याचा दिवस नव्हता तो.

कार्यालयाच्या दारात सुलक्षणा उभी होती. निळीच साडी होती. मी वाजंत्रीच्या मागून, रांगोळीच्या दोन रेघांमधून गाडी थेट कमानीखाली आणून उभी केली, दोन्हीकडे चार-चार बोटं जागा सोडून. सुलक्षणा ओठ दाबून हसली. तेवीस वर्षांत इतकं हसू मला पगारवाढीलाही मिळालेलं नाही. नवरीला बाहेर काढायला सहा बायका लागल्या.

लग्न लागलं, पंगती बसल्या. वरण-भात वाढायला स्वतः हैबतराव आले आणि आग्रह करत म्हणाले, घ्या सायेब, तुमच्याच गाडीतला हाय. मालेहून पोतं थेट स्वयंपाकघरात गेलं होतं. माझी सरळ रेषा पाचशे पाहुण्यांना वाढली गेली होती आणि मी तिच्यावर तूप घेत होतो. भात मऊसूत होता. पण मी पानावरून सारखा बाहेर गाडीकडे बघत होतो. आता घरी जायचं, मध्ये पिरंगुटचा घाट, शेजारची सीट रिकामी आणि गाडी डावीकडे जाणार.

हात धुऊन आलो, तर सुलक्षणा गाडीपाशी उभी होती. म्हणाली, "सरळ आली. मी पाहिलं." आणि दाराला धरून, मग छताला धरून, मग माझा हात धरून आत बसली. मी गाडी सुरू केली, घंटी वाजली, तिने पट्टा लावला. घंटी थांबली.

त्यानंतर मी गाडी आणखी दोनदा सुरू केली, आधीच सुरू असताना.

कार्यालयातून बाहेर पडलो, रस्त्याला लागलो, आणि गाडी उजवीकडे जाऊ लागली.

थोडीच. समोरून येणाऱ्याला कळणार नाही इतकी. पण मला कळत होतं आणि त्याचा अर्थ काय हेही कळत होतं, कारण आळीसमोर निकाल लागला होता. मी डाव्या हाताने स्टीअरिंग खाली ओढून धरलं आणि चेहरा सहलीला निघालेल्या माणसाचा ठेवला. घाटातल्या प्रत्येक वळणावर खांद्यातून कळ निघत होती. सुलक्षणा खिडकीतून डोंगर बघत होती. "सरळ जातेय की," ती म्हणाली. मी म्हणालो, "एकदम." उतारावर माझ्या मनगटाला मुंग्या आल्या. रोपवाटिका आली, जास्वंदी मागे गेल्या, आमची गाडी आपल्या बाजूने, आपल्या रेषेत चालली होती आणि तिला तिथे मी चालवत होतो, दात आवळून.

गेटपाशी मी टेम्पोतून परत घेतलेल्या फळ्या मांडायला उतरू लागलो, तर सुलक्षणा म्हणाली बसा, आणि रेशमी साडीत स्वतः उतरून फळ्या लावल्या. अंतर नजरेनेच मोजलं आणि बरोबर मोजलं. परत येऊन बसली. वॉचमन सवयीप्रमाणे मालाची वही उघडून डाव्या खिडकीशी वाकला. सुलक्षणाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने वही मिटली आणि पहिल्यांदाच मला सलाम केला.

पार्किंगमध्ये गाडी बंद केली, तरी माझी बोटं स्टीअरिंगवरून सुटेनात. सुलक्षणाने ती एकेक करून सोडवली. मग माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि खांद्यापासून खाली चोळू लागली. आम्ही दोघं तसेच बसून होतो, जमिनीपासून चार इंचांवर.

"हैबतरावांना फोन करा," ती म्हणाली. "म्हणावं, परत माप घ्यायचंय. या वेळी पोत्यात एकाहत्तर भरा."

तिने दार उघडलं, छताला धरलं, अर्धी बाहेर पडली आणि थांबली.

"साडेएकाहत्तर," ती म्हणाली. "आणि हे तुम्ही विसरून जायचं."